मोमोसेंचं पोट आणि माझं लिव्हर

शेजारच्या मोमोसेंच्या पोटाचं ऑपरेशन व्हायचं की नाही, हे माझ्या लिव्हरवर येऊन ठेपलं होतं. हे वाक्य मी कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या हातातल्या पेल्याकडे बघतो. पण गोष्ट खरी आहे. मोमोसेंच्या जठरात गाठ निघाली होती. लहान होती, आत्ता काढली तर माणूस खणखणीत बरा होतो, असं सर्जन सांगत होता. आणि मोमोसे त्याला शांतपणे सांगून आले होते, "करासावासरांचं लिव्हर रेइशीने सुधारलं. मीही आधी तीन महिने रेइशी घेतो. चाकूचं मग बघू."

करासावासर म्हणजे मी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. एका कुंडीतला घेवडा उजेडात, दुसऱ्या कुंडीतला अंधारात, बाकी माती-पाणी सगळं सारखं, आणि मग बोला कशाने काय झालं ते, हे गावातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात ज्याने भरलं तो मी. आणि रेइशी म्हणाल तर झाडाच्या बुंध्यावर उगवणारी, लाकडासारखी टणक आणि लाखेसारखी चकचकीत अळंबी. तिची पूड मी घेतलीच नव्हती. म्हणजे घेतली नव्हती असं माझं प्रामाणिक मत होतं. पुढे त्यातही घोळ निघाला.

सगळं सुरू झालं जुलैतल्या तपासणीपासून. दरवर्षीप्रमाणे सभागृहात रांग लावून रक्त दिलं, आणि लिव्हरचा एक आकडा नको तितका वर गेलेला निघाला. आदल्याच दिवशी जुन्या शिक्षकांचं संमेलन झालं होतं आणि तिथे मी फारसा संयम दाखवला नव्हता. पण हे कारण बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. "वय झालं," असं मी मिसाओला मोघम सांगितलं. मिसाओने ते कचऱ्याच्या कोपऱ्यावर सांगितलं. आमच्या गल्लीत कचरा टाकायला गेलेली बाई रिकाम्या हाताने परत येत नाही, दुसऱ्यांच्या घरची बातमी घेऊन येते. दुपारपर्यंत माझं लिव्हर सगळ्यांचं झालं.

मग सल्ले आले. कुणी म्हणालं, रोज छोट्या शिंपल्यांचं सूप प्या. कुणी म्हणालं, शिंपले बंद करा, हळद घ्या. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "सर, उलटं चाला. लिव्हर मागच्या बाजूला असतं." लिव्हर मागच्या बाजूला नसतं हे मी त्यांना शाळेत असताना शिकवलं होतं. मिसाओने स्वतःचा सल्ला कुणाला सांगितला नाही. तिने साकेची, म्हणजे आमच्या तांदळाच्या दारूची, बाटली गुपचूप कुठेतरी लपवली, ती मला अजून सापडलेली नाही.

आणि एके दिवशी मोमोसेवहिनी आल्या. रीतसर रुमालात बांधलेली पेटी, चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला आल्याची कळा. मी तेव्हा छपरावर चढून पन्हळ साफ करत होतो, पण त्याने काही फरक पडला नाही.

"सर, खाली या आणि हे घ्या. आमच्या नणंदेच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी एक महिना दिला होता. रेइशी सुरू केली आणि सहा वर्षं जगले."

"मग?"

"मग मोटारीखाली आले हो. पण लिव्हर शेवटपर्यंत उत्तम!"

"वहिनी, याने नेमकं होतं तरी काय?"

"सगळंच होतं. रक्तदाब जास्त असेल तर उतरतो, कमी असेल तर चढतो."

"आणि बरोबर असेल तर?"

"बरोबर असेल तर समजायचं, लागू पडली."

भेट परत करणं आमच्यात शक्य नसतं. ती घ्यायची, वाकून आभार मानायचे, आणि बरं झालं की परतभेट पाठवायची. मी पेटी घेतली. त्या दिवशी एक पुडी गरम पाण्यात घालून प्यालो. तिच्यापुढे कारलं म्हणजे मिठाई. जीभ संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दुसरी पुडी प्यायची नाही हे मी तिथेच ठरवलं.

प्रश्न होता टाकायची कुठे. आमच्या कचऱ्याच्या पिशव्या पारदर्शक असतात आणि त्यांवर घराचं नाव लिहावं लागतं, म्हणजे कुणाच्या घरात काय चाललंय ते जगाला आरपार दिसावं. त्यात त्या मोसमात कोपऱ्याची देखरेख मोमोसेवहिनींकडे. भरलेल्या पुड्या पिशवीत दिसल्या असत्या तर मला घर विकून दुसऱ्या गावी जावं लागलं असतं.

मी नगरपालिकेच्या कचरा विभागाला फोन केला. नाव सांगितलं नाही.

"रेइशीची पूड कुठल्या कचऱ्यात जाते?"

"ते अन्न आहे की औषध?" पलीकडची मुलगी फार गोड होती. "अन्न असेल तर ओला कचरा. औषध असेल तर औषधाच्या दुकानात परत द्या."

औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पेटी उलटसुलट केली आणि म्हणाला, "यावर आरोग्यदायी अन्न असं लिहिलंय. औषध म्हटलं की सिद्ध करावं लागतं. हे औषध नाही, आम्हाला घेता येणार नाही." पुन्हा कचरा विभाग. "अन्न आहे म्हणतात." "मग खा ना," ती मुलगी म्हणाली, आणि लगेच माफी मागितली.

अन्न आहे म्हणावं तर बरं करतं असं सगळे म्हणतात, औषध आहे म्हणावं तर काय बरं करतं ते कुणी लिहून देत नाही. अशा वस्तूला या देशात कचऱ्यातसुद्धा जागा नाही. मी चिडलो होतो. त्या चिडलेल्या अवस्थेत स्वयंपाकघरात उभा असताना माझी नजर नुक्यावर पडली.

नुका म्हणजे तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी कालवून आंबवलेला लगदा. संध्याकाळी त्यात काकडी पुरायची, सकाळी तिचं लोणचं झालेलं असतं. रोज हाताने खालीवर करावा लागतो, नाहीतर रुसतो. आमचा नुका मिसाओच्या आईकडून आलेला. सासूबाई गेल्या, पण त्यांचा नुका आमच्या ओट्याखाली जिवंत आहे आणि मला नेहमी वाटतं, तिथूनही त्यांचं माझ्यावर लक्ष आहे. रंग तपकिरी. रेइशीच्या पुडीचा रंग तपकिरी. यापुढचं सांगायला नको.

रोज सकाळी मिसाओ अंगणात रेडिओवरची कवायत करायला गेली की मी एक पुडी नुक्यात कालवायचो. मग रिकामी पुडी स्वच्छ धुऊन, वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचो. नियम म्हणजे नियम. त्या धुतलेल्या पुड्या पारदर्शक पिशवीतून मोमोसेवहिनींना दर आठवड्याला दिसायच्या. "सर किती नेमाने घेतात हो!" त्या मिसाओला म्हणाल्या. "आणि धुऊन टाकतात!" मिसाओला माझा अभिमान वाटला. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

आठवड्याभरातच काकडी कडू लागायला लागली. मिसाओने एक घास खाल्ला, चव घेत थांबली, आणि म्हणाली, "अहो, नुका बिघडला."

"मला तर छान लागतंय," मी गिळत म्हणालो.

मग नुक्यासाठी सल्ले सुरू झाले. माझ्या लिव्हरपेक्षा त्याला जास्त आले आणि जास्त कळकळीचे. मिसाओने त्यात गंजलेले खिळे घातले, लाल मिरच्या घातल्या, मोहरी घातली, समुद्रातलं शेवाळ घातलं. काही उपयोग होईना. एकदा मी आत आलो तर ती ओट्याशी बसून रडत होती. "आईने मरताना दुसरं काही मागितलं नव्हतं. एवढा सांभाळ म्हणाली होती." मला फार वाईट वाटलं. त्या क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मी काय केलं, तर ताटातलं लोणचं सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.

ती कडू लोणची खरोखर आवडणारा माणूस गल्लीत एकच निघाला, तो म्हणजे मोमोसे. सफरचंदाची बाग, तोंडात शब्द कमी, चहाबरोबर मात्र लोणचं भरपूर. "याला दम आहे," ते म्हणाले. एवढं कौतुक ऐकून मिसाओने रोज डबाभर लोणचं त्यांच्याकडेच पाठवायला सुरुवात केली.

ऑक्टोबरात पुन्हा रक्त तपासलं. आकडा खाली आला होता. आमचे डॉक्टर मियाइरी कागद बघून म्हणाले, "वा! काय केलंत?"

"साके बंद आहे. म्हणजे बाटली सापडत नाही. शिंपले खातो. चालतो. सरळ."

"मग यांपैकी कशाने तरी झालं असेल. किंवा कशानेच नसेल. पहिल्या वेळी आदल्या दिवशी पार्टी होती का?"

मी खिडकीबाहेर बघितलं आणि विषय बदलला. "डॉक्टर, रेइशीने काय होतं?"

"परीक्षानळीत बरंच काही होतं," मियाइरी म्हणाले. "उंदरांतही होतं. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत, आणि पुष्कळांत तुलनेला दुसरा गटच नाही. कॅन्सरच्या उपचारांबरोबर घेतली तर काहींना थोडा फायदा होत असेल, नसेलही. पण उपचारांऐवजी घ्यावी असं म्हणायला आधार नाही. आणि पुडीने एखाददुसऱ्याच्या लिव्हरलाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत."

"लिव्हरला?"

"हो. तुम्ही घेत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो आणि मला लोणचं आठवलं. "बहुतेक नाही."

बरं झाल्यावर परतभेट पाठवणं भाग होतं. मिसाओने साबणाची पेटी पाठवली, आजार धुतला गेला म्हणून. मोमोसेवहिनींनी ती दिवाणखान्यात मांडून ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवायला लागल्या. माझं लिव्हर बरं झाल्याचा दाखला त्यांच्या घरात सुगंध सोडत होता. गल्लीत लोक मला वाट देऊ लागले. त्याच आठवड्यात मोमोसेंच्या पोटातली गाठ निघाली, आणि मोमोसेंनी सर्जनला ते सांगितलं जे मी सुरुवातीला सांगितलं.

त्यानंतर एका संध्याकाळी मोमोसेवहिनी स्वयंपाकघराच्या दाराने आल्या. नेहमीचा आवाज नव्हता.

"सर, तुम्ही यांना समजवा. रेइशीसुद्धा घ्या आणि ऑपरेशनसुद्धा करा, असं सांगा."

"तुम्ही सांगा ना, वहिनी. रेइशी तुमचीच."

"माझं कुठे ऐकतात? म्हणतात, तूच तर म्हणायचीस की याने सगळं बरं होतं. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? सर्जन म्हणाला, फार थांबलात तर मला बोलावू नका. यांना माझ्यावर विश्वास नाही, सर्जनवर नाही. तुमच्या लिव्हरवर आहे."

एवढा विश्वास माझ्या कुठल्याच अवयवावर आजवर कुणी ठेवला नव्हता. मला ओशाळायला झालं, आणि भीतीही वाटली. हा माणूस माझ्या धुतलेल्या पुड्यांपायी मरेल, हा विचार मला जेवू देईना.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. मोमोसे शिडीवर होते. फळांवर सावली धरणारी पानं खुडायची आणि प्रत्येक सफरचंद हळूच फिरवून त्याची फिकी बाजू उन्हाकडे करायची, असं ते काम. जमिनीवर चंदेरी कागद अंथरलेला, खालूनही ऊन डोळ्यांत जात होतं. मी डोळे मिचकावत म्हणालो, "मोमोसे, मी रेइशी घेतलेली नाही."

"पुड्या धुतलेल्या असायच्या."

"पुड्या धुतल्या. आतलं नुक्यात घातलं."

त्यांनी एक सफरचंद फिरवलं. "म्हणजे ती लोणची..."

"हो."

"म्हणून दम होता." दुसरं सफरचंद फिरवलं. "मग सर, तुम्ही घेतलीच की."

"मी लोणचं खाल्लं!"

"लोणच्यातून घेतली. आणि बरे झालात."

सबंध नोकरीत एकाही विद्यार्थ्याने मला असं भिंतीशी नेऊन उभं केलं नव्हतं. मी पायाखालच्या कागदाकडे बघत राहिलो. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला, किंवा तो कागदाचा असेल.

"मोमोसे, ती लोणची तुम्ही किती दिवस खाताय?"

"जुलैपासून. रोज."

"माझ्यापेक्षा जास्त?"

"दुप्पट तरी."

"मग तुमचे रेइशीचे तीन महिने होऊन गेले!"

मोमोसे हळूहळू खाली उतरले आणि उलट्या खोक्यावर बसले. हा युक्तिवाद किती भिकार होता हे मला पुरेपूर माहीत आहे. एक माणूस, मात्रा ठाऊक नाही, तुलनेला कुणी नाही. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिला असता तर मी लाल रेघ मारली असती. पण त्यांचा युक्तिवादही त्याच कापडाचा होता.

"मला भूल घ्यायची भीती वाटते," मोमोसे म्हणाले. "झाडावरून पडलो तर निदान कुठे पडतोय ते दिसतं. ते लोक म्हणतात आकडे म्हणा, आणि म्हणता म्हणता आपण नसतो." मग त्यांनी वर बघितलं. "सर, खरं सांगा. रेइशीने काही होतं का?"

"मला माहीत नाही."

"तुमचं लिव्हर कशाने सुधारलं?"

"तेही माहीत नाही."

"आणि ऑपरेशन?"

"ते त्यांना माहीत आहे. शेकडो जणांवर केलंय आणि किती जगले ते मोजलंय. तुमच्या जागी मी असतो तर भ्यालो असतो आणि गेलो असतो."

त्यांनी लगडलेल्या झाडांकडे बघितलं. "सफरचंदं कोण उतरवेल?"

"मी," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. देठ नीट कापायचे असतात, नाहीतर ते खोक्यात शेजारच्या फळांना भोसकतात, हे मला नंतर कळलं. त्या साली मोमोसेंची बरीचशी सफरचंदं भोकं पडून बाजारात गेली.

घरी येऊन मिसाओला सगळं सांगितलं. ती उठली, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आईच्या नुक्याचा, अगदीच अडलं तरच काढायचा म्हणून जपून ठेवलेला गोळा. "तो मी वाढवीन," ती म्हणाली. "आणि ओट्याखालचा तुमचा. रोज हात घालून ढवळायचा. आणि त्यातलं लोणचं खायचंसुद्धा तुम्हीच." दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

हॉस्पिटलात भरती करून घेताना भूलतज्ज्ञाने मोमोसेंना विचारलं, कुठली पूरक औषधं घेता का? मोमोसे म्हणाले, "लोणचं." रेइशीने रक्त जरा जास्त वाहू शकतं, म्हणून आधी काही दिवस बंद ठेवलेली बरी, असं निघालं, आणि एका काकडीत किती पूड गेली असेल हे विचारायला मलाच बोलावणं आलं. मी फळ्यावर गणित सोडवल्यासारखं उत्तर काढलं. तो तरुण भूलतज्ज्ञ म्हणाला, "सर, काकडी कोंडा किती शोषते?" मला माहीत नव्हतं. ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं आणि मोमोसेंचा चहा तेवढे दिवस कोरडा झाला.

अखेर तो दिवस उजाडला. मोमोसेंना आत नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बागेतल्या शिडीकडे बघतात तशी. बाहेर बाकावर मोमोसेवहिनी आणि मी. त्या बराच वेळ रुमालाची गाठ बांधत होत्या आणि सोडत होत्या.

"सर, तुमच्यावर एक अन्याय झालाय माझ्या हातून," त्या म्हणाल्या. "यांचं पोट वसंतापासूनच दुखत होतं. डॉक्टरकडे जाईनात. मला वाटलं, निदान रेइशी तरी देऊन बघावी."

"मग दिलीत ना?"

"लगेच कशी देणार? कुणाला सोसते, कुणाला नाही. यांना काही झालं असतं तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हणून आधी तुम्हाला दिली."

सबंध गल्लीत प्रयोग कसा करायचा हे कळलेली ही एकच बाई होती. उजेडातली कुंडी, अंधारातली कुंडी, आणि त्यातला घेवडा मी. माझा थोडा अपमान झाला होता, पण मला राग नीट येईना. आतल्या माणसावर या बाईचा किती जीव आहे, हेच सारखं मध्ये येत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. "मोमोसेंच्या घरचे कोण?" नर्सने विचारलं. वहिनी ताडकन उठल्या. "सगळं व्यवस्थित झालंय. गाठ पूर्ण निघाली. दोन मिनिटं भेटता येईल, पण फक्त घरच्यांना." वहिनींनी माझी बाही घट्ट धरली. नर्सने माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

मी बाजूला व्हायला लागलो. वहिनींनी माझी बाही सोडली नाही. एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने मला आत ओढत त्या म्हणाल्या, "घरचेच आहेत. आमच्या यांना काहीही द्यायचं झालं की मी आधी यांना देते."